पंपिंग तीस टक्के, मग पुढे काय?

इकोचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक एकमेकांना एकच आकडा सांगतात, "पंपिंग तीस टक्के आहे." सोलापूरच्या सिव्हिलच्या, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात हे वाक्य मराठीत ऐकू येतं, तेलुगूत येतं आणि कानडीतही. अक्कलकोट, मोहोळ, सांगोल्याहून माणसं येतात. तुळजापूर-उमरग्याकडून येतात, सीमेपलीकडच्या इंडी-आळंदहूनही येतात. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना कोणी नीट समजावलेला असतो. पिशवीत घालून घरी नेलेल्या गोळ्यांपैकी कुठली कशासाठी, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असतं.

या आजाराला हार्ट फेल्युअर म्हणतात. १९८० च्या आसपास त्यात डॉक्टरांच्या हाती विश्रांती, डिजॉक्सिन आणि लघवीची गोळी यापलीकडे फारसं काही नव्हतं. आज आयुष्य वाढवतात असं सिद्ध झालेली चार प्रकारची औषधं आहेत. औषध शोधण्याचं मोठं काम झालेलं आहे. ते पुरेशा मात्रेत रुग्णापर्यंत पोचवणं आणि नंतर त्याच्यावर नजर ठेवणं मात्र अर्धवट राहिलं आहे. सोलापूरसारख्या शहराने करण्याजोगं संशोधन मला तिथेच दिसतं.

पंपिंगचा आकडा काय सांगतो

हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून ते पुढे ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर गेलं, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. त्यामुळे तीस टक्के म्हणजे हृदयाचा सत्तर टक्के भाग मेला, असा अर्थ कोणी काढू नये. आकडा ४० किंवा त्याखाली असेल तर ताकद बरीच कमी झाली आहे, असं डॉक्टर धरतात. योग्य औषधांनी हा आकडा काही महिन्यांत वाढल्याचंही अनेक रुग्णांत दिसतं.

उलटंही घडतं. आकडा साठ असतो आणि तरी माणसाला जिना चढवत नाही. अशा हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर झालेला असतो. तो जोरात आकुंचन पावतो, पण सैल होऊन नीट भरत नाही. वय झालेल्या बायका, जुना रक्तदाब, मधुमेह आणि जास्त वजन असलेली माणसं यांत हा प्रकार जास्त. "पंपिंग तर चांगलं आहे, मग धाप कशाची?" असं म्हणून अशा आजींना घरी पाठवलं जातं, तेव्हा एक खरा आजार नजरेतून सुटलेला असतो.

रक्त कमी पुढे गेलं की मूत्रपिंडांना वाटतं, शरीरातलं पाणीच कमी झालं. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तवाहिन्या आवळणारी, ठोके वाढवणारी संप्रेरकं अंगात वाढतात. रक्तस्रावात किंवा उन्हाच्या तडाख्यात हीच यंत्रणा जीव वाचवते. इथे मात्र ती महिनोन्महिने चालू राहते आणि थकलेल्या हृदयावर आणखी ओझं टाकते. पाणी पायात उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसात भरतं. पायावर बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. आडवं झालं की दम कोंडतो म्हणून एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. मध्यरात्री माणूस दचकून उठतो आणि खिडकीपाशी जाऊन बसतो. घरचे त्याला दमा समजतात किंवा गॅस समजतात. नव्याने उशा वाढल्या तर ते हृदयाचंही लक्षण असू शकतं, एवढं घरात एकाला तरी माहीत असावं.

आपल्याकडे तो लवकर येतो

भारतात या आजाराची शिस्तीने मोजणी केली ती केरळने. तिरुवनंतपुरममधल्या शहरी आणि ग्रामीण १३ रुग्णालयांनी २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंदवही तयार केली. रुग्णांचं सरासरी वय ६१ च्या आसपास निघालं, युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त जण हयात नव्हते. कित्येक कर्करोगांपेक्षा हा हिशेब वाईट आहे, आणि तरी या आजाराची भीती कर्करोगाइतकी वाटत नाही.

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी २०१९-२० मध्ये राष्ट्रीय नोंदवही केली. त्यात १०,८५१ रुग्ण होते, सरासरी वय ६० च्या जवळ. दहातल्या सात जणांचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्यात होतं. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४.२ टक्के रुग्ण दगावले. पंपिंग कमी असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांना, ४७.५ टक्क्यांना, शास्त्राने सांगितलेली औषधं मिळत होती. ज्यांना ती मिळाली त्यांच्यात मृत्यू कमी होते, आणि ज्यांचं शिक्षण कमी त्यांच्यात जास्त. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबतो. हृदयाच्या स्नायूला शाळा कळत नाही. फरक पडतो तो चिठ्ठी वाचता येण्यात, पुन्हा येण्याच्या तारखेत, प्रवासखर्चात आणि बुडालेल्या रोजगारात.

आंतरराष्ट्रीय तुलनाही झाली आहे. आशिया, आफ्रिका, मध्यपूर्व आणि दक्षिण अमेरिकेतल्या ५,८२३ रुग्णांच्या इंटर-सीएचएफ अभ्यासात (२०१७) एका वर्षातलं मृत्यूचं प्रमाण एकूण १६.५ टक्के होतं. चीनमध्ये ते ७ टक्के होतं, भारतात २३.

साठीचा माणूस आपल्याकडे घरात बसलेला नसतो. तो यंत्रमागावर उभा असतो, रिक्षा चालवतो, डाळिंबाच्या बागेत फवारणी करतो. विडी वळणाऱ्या बाईचा पगार तर वळलेल्या हजारावर ठरतो. ती दवाखान्यात गेली की त्या दिवशी विड्या होत नाहीत. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं न तपासणं, तंबाखू-मिश्री-मावा, छातीत दुखू लागल्यावर सकाळपर्यंत वाट पाहून उशिरा गाठलेलं रुग्णालय, या वाटांनी हार्ट फेल्युअर घरात शिरतं.

जोर वाढवणारी औषधं का हरली

हृदय कमजोर झालं आहे तर त्याचा जोर वाढवावा, हे कुणालाही पटेल. संशोधकांनाही पटलं होतं. मिलरिनोन नावाच्या औषधाने आकुंचनाची ताकद खरोखर वाढायची. १९९१ मध्ये प्रॉमिस या चाचणीत १,०८८ गंभीर रुग्णांपैकी काहींना मिलरिनोनच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या दिल्या गेल्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त निघाले. थकलेल्या हृदयाला जबरदस्तीने पळवल्याची किंमत रुग्णांनी मोजली होती. चाचणी झाली नसती तर हे औषध वर्षानुवर्षं चांगल्या हेतूनेच लिहिलं गेलं असतं.

डिजॉक्सिनची गोष्ट आणखी जुनी. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून त्या वनस्पतीतून मिळणारं हे औषध वापरात आहे. त्याने आयुष्य वाढतं का, हे मात्र १९९७ मध्ये ६,८०० रुग्णांच्या चाचणीनंतर कळलं. रुग्णालयात दाखल होणं कमी झालं, मृत्यू कमी झाले नाहीत. दोनशे बारा वर्षं लागली या साध्या प्रश्नाला.

दुसऱ्या टोकाला बीटा ब्लॉकर. ही औषधं ठोके कमी करतात, जोर कमी करतात. म्हणून कमजोर हृदयाला ती विषासारखी, असंच वैद्यकाची पुस्तकं सांगत होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये फक्त सात रुग्णांवरचा अनुभव छापला, की सावकाश, छोट्या मात्रेत दिली तर रुग्ण सुधारतात. बहुतेकांचा विश्वास बसला नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक बिसोप्रोलॉलची २,६४७ रुग्णांची आणि दुसरी मेटोप्रोलॉलची ३,९९१ रुग्णांची. दोन्हींत मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. सात रुग्णांपासून इथवर यायला चोवीस वर्षं गेली, आणि त्या काळात हे काम धरून ठेवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याआधी १९८७ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातल्या २५३ अतिगंभीर रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली होती. सहा महिन्यांत औषधहीन गटातले ४४ टक्के रुग्ण गेले, एनालाप्रिल गटातले २६ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. शरीराची ती मदतीला धावलेली यंत्रणाच शांत करायची, ही दिशा तिथे पक्की झाली.

चार गोळ्या आणि एक पाचवी

पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला आज चार गटांतली औषधं मिळायला हवीत.

पहिला गट एनालाप्रिल-रामिप्रिलचा, किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन या जोडगोळीचा. २०१४ च्या पॅरॅडाइम-एचएफ चाचणीत सुमारे ८,४०० रुग्णांत ही जोडगोळी एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं, हे एकत्र धरलं तर २० टक्क्यांनी कमी. जोडगोळी आणि एनालाप्रिल एकत्र कधीही घ्यायची नाहीत, बदलताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं. घरात जुनं पाकीट पडलेलं असेल तर हे आवर्जून सांभाळा.

दुसरा गट बीटा ब्लॉकरचा: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. तिसरा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनचा. १९९९ च्या रेल्स चाचणीत १,६६३ गंभीर रुग्णांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनच्या लहानशा मात्रेने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. चौथा गट आला मधुमेहाकडून. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं. मधुमेहाच्या चाचण्यांत असं दिसलं की ती घेणारे रुग्ण हार्ट फेल्युअरने कमी दाखल होतात. मग २०१९ मध्ये डापा-एचएफ चाचणीत ४,७४४ हृदयरुग्णांवर तपासलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हता, तरी फायदा सारखाच, आजार बळावणं किंवा हृदयमृत्यू २६ टक्क्यांनी कमी. ताठर हृदयाच्या रुग्णांनाही याच गटाचा उपयोग होतो, हे २०२१ आणि २०२२ मधल्या चाचण्यांनी दाखवलं. म्हणून "मला साखर नाही, मग ही साखरेची गोळी का?" असा प्रश्न पडला तर त्याला उत्तर आहे. गोळी बंद करण्याआधी ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

पाचवी ती लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. तिने सूज उतरते, रात्री झोप लागते, माणसाला जिवात जीव आल्यासारखं वाटतं. ती हवीच. पण आयुष्य वाढवतात ते वरचे चार गट, आणि त्यांचा परिणाम घेणाऱ्याला रोज जाणवत नाही. पैसे कमी पडले की लोक जाणवणारी गोळी ठेवतात आणि न जाणवणाऱ्या सोडतात. माझ्या मते या आजारातलं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

पैशांची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टनचं २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी अनेक भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि किमती खूप खाली आल्या. बाकीची औषधं तर कित्येक वर्षांपासून स्वस्तच आहेत. जनऔषधी दुकानात चिठ्ठी दाखवून विचारून बघावं.

चाचणीतला रुग्ण आणि आपल्या घरातला

रेल्सच्या निकालानंतर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात स्पायरोनोलॅक्टोन भराभर लिहिलं जाऊ लागलं. २००४ मध्ये तिथल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा रक्तातलं पोटॅशियम वाढून दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णांचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेलेलं होतं. पोटॅशियमने झालेले मृत्यूही वाढले होते. औषध तेच होतं. चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले होते आणि त्यांचं रक्त ठरल्या वेळी तपासलं जात होतं. बाहेर ते झालं नाही.

हा धडा सोलापूरला जसाच्या तसा लागू आहे. ही औषधं सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि पुढे ठरावीक अंतराने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं पाहिजे. तपासणी स्वस्त आहे, पण ती चिठ्ठीवर लिहिलेली असावी लागते आणि करायला परत यावं लागतं. तब्येतीला चांगलं म्हणून दुकानातून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम भरलेलं असतं. या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. रोज नारळपाणी पिण्याआधीही विचारावं.

आणि दुखण्यावरच्या गोळ्या. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून गुडघे जातात, विड्या वळताना मान-पाठ जाते. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी घेणं ही इथली रोजची गोष्ट. ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडांवर ताण देतात आणि स्थिर असलेला रुग्ण आठवडाभरात सुजून दाखल होऊ शकतो. मधुमेहासाठीचं पायोग्लिटाझोनही हार्ट फेल्युअरमध्ये टाळायचं असतं, कारण त्याने अंगात पाणी साठतं. दुकानदाराला आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी सांगायचं, "मला हार्ट फेल्युअर आहे."

सोलापूरचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, घाम वाहतो, आणि हिवाळ्यात बरोबर बसलेली लघवीच्या गोळीची मात्रा तेव्हा जास्त होऊ शकते. उठताना चक्कर येऊ लागली, रक्तदाब फार खाली गेला, तर मात्रा बदलायला दवाखान्यात जावं. स्वतःच्या मनाने बदलू नये. जुलाब-उलट्या होत असतील किंवा कडक उपवास असेल, तर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तेवढे दिवस थांबवावी लागू शकते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे आषाढीच्या आधी हा प्रश्न डॉक्टरांनी आपणहून काढायला हवा.

नजर ठेवणं: यंत्र की माणूस

रुग्ण घरी गेल्यावर त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं, यावर गेली वीसेक वर्षं जोरात संशोधन चालू आहे, आणि त्यातले निकाल मला औषधांच्या निकालांइतकेच बोलके वाटतात.

अमेरिकेत टेली-एचएफ या अभ्यासात (२०१०) १,६५३ रुग्णांपैकी एका गटाला रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला आपलं वजन आणि लक्षणं सांगायला लावलं. निकाल शून्य. पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू, दोन्ही गटांत जवळपास सारखेच. कित्येकांनी यंत्राला फोन करणं सोडूनच दिलं होतं. जर्मनीत टिम-एचएफ २ या अभ्यासात (२०१८) १,५७१ रुग्णांपैकी एक गट घरून रोज वजन, रक्तदाब आणि ईसीजी पाठवत होता. तिथे माहिती पोचत होती ती चोवीस तास बसलेल्या डॉक्टर-नर्सकडे. काही बिघडलं की ते फोन करत, गोळ्या बदलत. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात मृत्यू वर्षाला शंभरी ११.३ होते, या गटात ७.९. आकडा गोळा होऊन उपयोग नसतो. तो बघून हालचाल करणारं कोणी पलीकडे असावं लागतं.

फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत बसवायचा दाबमापक संवेदकही निघाला आहे. सूज येण्याच्या कितीतरी दिवस आधी तो वाढता दाब दाखवतो, आणि २०११ मधल्या ५५० रुग्णांच्या चाचणीत त्याने रुग्णालयाच्या फेऱ्या कमी केल्या. पण त्याची किंमत आपल्या जिल्ह्यातल्या सामान्य घराला झेपणारी नाही. रक्तातल्या एनटी-प्रोबीएनपी या घटकाची तपासणी हार्ट फेल्युअरच्या निदानाला फार उपयोगी, मात्र तीही वारंवार करण्याइतकी स्वस्त नाही.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०२२ चा, स्ट्राँग-एचएफ. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. १४ देशांतल्या १,०७८ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीसारखे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला घरी सोडण्याआधीच औषधं साधारण अर्ध्या मात्रेत सुरू केली, दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्यात बोलावून तपासलं, रक्त पाहिलं. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं पहिल्या गटात २३.३ टक्के, दुसऱ्यात १५.२. फरक एवढा स्पष्ट दिसू लागला की ही चाचणीही लवकर थांबवली. चार भेटी आणि जुनीच औषधं, एवढ्यावर हे झालं. "महिन्याने या, बघू" ही आपली पद्धत या आजारात परवडणारी नाही.

घरी करायचं ते सोपं आहे. वजनकाटा घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, धाप लागेपर्यंत थांबू नका. हे काम घरातल्या शाळकरी नातवंडाकडे सोपवलं तर ते सहसा चुकत नाही.

मीठ

शेंगाचटणी, लोणचं, पापड आणि वर ताकात चिमूटभर मीठ, असं जेवणारं हे शहर आहे. मिठाबद्दल शास्त्र मात्र थोडं नरमलं आहे. २०२२ मधल्या सोडियम-एचएफ चाचणीत ८०६ रुग्णांपैकी एका गटाचं मीठ फार कडक कमी केलं, पण मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या लक्षणीय कमी झाल्या नाहीत. म्हणून अळणी जेवणाची शिक्षा कोणाला देऊ नये, तसं केलं की म्हातारी माणसं जेवणच सोडतात. वरून मीठ घेणं बंद, पापड-लोणचं बाजूला, चटणी बेताची, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

पंचविशीतली धाप

सगळे रुग्ण साठीचे नसतात. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप आला आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब झाल्या, असा संधिवाती हृदयविकार दाटीच्या, गरीब वस्त्यांत अजून आहे. तो उघडकीला येतो बहुधा मुलीच्या पहिल्या बाळंतपणात. झडप आधीच अरुंद, त्यात गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि सातव्या-आठव्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरतं. कधी झडपा चांगल्या असूनही बाळंतपणाच्या आसपास स्नायूच कमजोर होतो. बाळंतिणीला आडवं झाल्यावर दम लागत असेल तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देऊ नये, इको करून घ्यावा.

इथे संशोधन बरीच आशा देतं. युगांडात सुरुवातीच्या, लक्षणं नसलेल्या टप्प्यातल्या ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत आजार वाढला तो इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांत, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांत. आणि महाग तेच चांगलं असं नसतं, हेही याच आजारात दिसलं. झडपा खराब आणि ठोके अनियमित असलेल्या साडेचार हजार रुग्णांच्या इन्व्हिक्टस चाचणीत (२०२२) भारतातलेही रुग्ण होते. तिथे रिव्हारॉक्साबॅन या नव्या औषधापेक्षा वॉरफरिनसारखी जुनी, स्वस्त औषधंच सरस ठरली. युरोपच्या रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष आपल्या रुग्णांना परस्पर लावला असता तर हे कधीच कळलं नसतं.

चाचणीत भाग घ्यावा का

महाराष्ट्राला औषधांच्या चाचण्यांची परंपरा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ५० रुग्णांत शिस्तीने नोंदवला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली मुळी त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आली. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आज कोणी चाचणीत यायला सांगितलं तर घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेपोटी होही म्हणू नका. भारतात २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदणीत आधी करावी लागते, आणि २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची मंजुरी आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा. आत्ता चालू असलेलं कुठलं औषध बंद होणार का, विचारा. मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील का, तेही विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि संमतिपत्र आपल्या भाषेत असावं. घरात तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या माणसाची इंग्रजी कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे.

सोलापूरने एक वही सुरू करावी

२ जुलै २०१२ रोजी राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यामुळे अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आली, हे मोठं काम आहे. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. त्यानंतर जन्मभर लागणाऱ्या गोळ्या आणि रक्ततपासण्या रुग्णाच्या खिशावर किंवा सरकारी औषधखिडकीवर राहतात, आणि हार्ट फेल्युअरचा निकाल तिथेच लागतो.

इथे १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. सहकारी तत्त्वावरचं अश्विनी रुग्णालय आहे, खाजगी हृदयतज्ज्ञ आहेत, गावोगावी आशाताई आहेत. तिरुवनंतपुरमच्या १३ रुग्णालयांनी जे केलं ते इथल्या रुग्णालयांनाही जमण्यासारखं आहे. हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद, घरी जाताना चारपैकी किती गट सुरू झाले, पहिल्या सहा आठवड्यांत किती भेटी झाल्या, तीन महिन्यांनी माणूस कसा आहे, एवढं लिहिणारी एक सामाईक वही. डिस्चार्जच्या कागदावर चार भेटींच्या तारखा आधीच छापलेल्या. तारीख चुकली की नर्सचा फोन, फोन लागला नाही तर आशाताईची घरी फेरी. हृदयरोग्यांच्या गोळ्या आरोग्यसेविकांच्या भेटींमुळे जास्त नियमित राहतात, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेने भारतातल्या १४ रुग्णालयांत करून २०१६ मध्ये दाखवलं आहे. वर्षभराने या वहीतून निघणारा आकडा सोलापूरचा स्वतःचा असेल, आणि तो सुधारतोय की नाही हे दरवर्षी कळेल.

तोवर वाचकांना एक विनंती. घरात कोणाचं पंपिंग कमी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: चारही गटांतली औषधं चालू आहेत का, नसतील तर का नाहीत, आणि पोटॅशियमची तपासणी पुन्हा कधी करायची? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि बरं वाटू लागलं म्हणून एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.